पिशवीची ओटी

काशीच्या तोंडाला वाडीत सगळे वचकून असत. रेशनवाला असो, ग्रामसेवक असो, नाहीतर सख्खा दीर असो, काशीनं एकदा पदर खोचला की समोरचा मुकाट्यानं खाली बघायचा. नवरा सदू गेला त्याला तीसेक वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही, जमीन म्हणाल तर उतारावरची चार खाचरं. पण रुबाब असा की खेडची अख्खी बाजारपेठ हिच्या बापाची असावी. ह्या बाईला मऊ करणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची धाकटी जाऊ दर्शना.

दर्शना लग्न होऊन आली तेव्हा विशीचीही नव्हती. हळद निघायच्या आत दीपक मुंबईला पळाला, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नोकरीला. तो यायचा शिमग्याला नाहीतर गणपतीला. बाकी वर्षभर घरात दोघी जावाच. काशीनं तिला भाताची लावणी शिकवली, घावणे शिकवले, आणि माणसांना उलटून बोलायलाही शिकवायचा प्रयत्न केला, पण ते काही दर्शनाला जमलं नाही. काशी भांडायची आणि दर्शना मागून जाऊन त्या माणसाला चहा विचारून यायची. "माझं भांडण तू धुऊन टाकतेस गो बाय," काशी वैतागायची, आणि मनातून खूष व्हायची.

दर्शनाची बाळंतपणं काशीनंच केली. रितेश घरात झाला. त्याची वार काशीनं न्हाणीमागं केळीच्या बुंध्याशी पुरली, वर हळदकुंकू, मूठभर तांदूळ आणि त्यावर जांभ्याचा अख्खा चिरा. कुत्र्यानं उकरली तर आईच्या अंगावरचं दूध आटतं, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. सानवी सरकारी दवाखान्यात झाली, तर तिथल्या नर्सशी कडाक्याचं भांडून काशीनं वार मागून घेतली आणि एस्टीतून घरी आणली. जी बाई आपल्या शरीराचा तुकडा देऊन पोर देते, तिचा तुकडा परक्याच्या कचऱ्यात टाकायचा? काशीच्या हिशोबात ते बसतच नव्हतं. स्वतःची कूस देवानं कोरडी ठेवली होती, म्हणून दर्शनाच्या कुशीचं तिला भारी कौतुक. दोन्ही पोरं तिला मोठी आई म्हणत.

तर अशा ह्या घरात दर्शनाला अंगावर जायला लागलं. पंचेचाळीस वय, आता बंद व्हायची वेळ आली म्हणून तसं होत असेल, असं दोघींनी ठरवून टाकलं. गणपतीच्या दिवसांत अडचण नको म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या काशीनंच मेडिकलमधून आणून दिल्या. वाडीतल्या निम्म्या बायका तेच करतात. पण दिवाळी गेली, पौष गेला, तरी जाणं थांबेना. पाणी वास मारायला लागलं. दर्शना फडकी वेगळी धुऊन वळचणीला वाळत घालायची आणि विचारलं की "काय नाय आक्का, उष्णता" म्हणायची. शिमग्याला दीपक आला आणि तिचा पांढरा पडलेला चेहरा बघून चरकला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तो आणि काशी खेडला गेले.

खेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, गाठी आहेत, वय झालंय, काढून टाकू, कटकट मिटेल. पिशवीचं तोंड आतून नीट बघायला हवं होतं, तिथलं पाणी आधी तपासायला हवं होतं, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. आसपासच्या गावात पिशवी काढलेली बाई दर घरामागे एक सापडेल. काशीची मावसबहीण, पोलीसपाटलाची बायको, अंगणवाडीची बाई, सगळ्यांची काढलेली. कोणाला त्याचं भय असं वाटलं नाही. उलट दर्शना हसून म्हणाली, "बरं झालं, आता गणपतीत गोळी नको."

ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर दीपक आणि काशी. सिस्टर नम्रता पांढरी प्लास्टिकची बरणी घेऊन आली, झाकण उघडून म्हणाली, "बघून घ्या, पिशवी." दीपकनं एकदा बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला. काशीनं मात्र नीट बघितलं. मुठीएवढी, फिकट गुलाबी, एका टोकाला फुलकोबीसारखं खरबरीत काहीतरी आलेलं. आतल्या पाण्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबला. काशीच्या मनात आलं, एवढीशी ही, आणि हिच्यात रितेश मावला, सानवी मावली. तिचे डोळे भरून आले, ते पाण्याच्या वासानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी दीपकला रजा नव्हती, तो पहाटेच्या गाडीनं गेला. नम्रतानं बरणी कॅरीबॅगेत घालून काशीच्या हातात दिली. "मावशी, ही लॅबमध्ये द्या. स्टँडच्या अलीकडं, पायऱ्या चढून वर. ते मुंबईला पाठवतात. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट घेऊन या."

"काय करतात तिचं?"

"तुकडे कापून बघतात."

"आणि मग?"

"मग काय, टाकतात. जाळत असतील." नम्रताला चार सलाइनं बदलायची होती, ती गेलीसुद्धा.

कशासाठी कापून बघतात हे कोणी सांगितलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण दवाखान्यातली माणसं तो शब्दच उच्चारत नाहीत. म्हणे पेशंट घाबरतो! अहो, घाबरू द्या की. घाबरलेलं माणूस निदान सांगितलेलं ऐकतं. काशीला वाटलं, रोग होता तो काढून टाकला, आता त्या बिचाऱ्या पिशवीला आणखी कशाला कापायचं?

काशी निघाली ती लॅबमध्येच द्यायची म्हणून निघाली, ह्यात खोटं नाही. पायऱ्यांपर्यंत गेली. वर बघितलं. एक माणूस जिन्यात उभा राहून पिवळ्या रंगाच्या पोत्यात काहीतरी कोंबत होता, आणि पोत्याच्या तोंडाशी रक्ताळलेला कापूस. तिनं बरणी पदराखाली घेतली. समोर स्टँडवर त्यांच्या गावाची एस्टी लागलेली, कंडक्टर ओरडत होता. दर्शनाचे कपडे आणायला घरी जायचंच होतं. काशी वळली आणि एस्टीत चढली. बरणी तिनं वाटभर मांडीवर धरली होती, आणि शेजारच्या बाईनं "काय वास येतो गो" म्हणून नाक मुरडलं, तर काशी तिच्यावरच डाफरली.

न्हाणीमागं तिनं कोपरभर खोल खड्डा केला. बरणीतलं पाणी बाजूला अळवाच्या वाफ्यात ओतलं. मातीला माती लागली पाहिजे, प्लास्टिकात कसली सद्गती! पेटीतून हिरवा खण काढला, एक हिरवी बांगडी, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि त्या पिशवीची तिनं ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी, रीतीनं. "आमचं घर भरलंस गो बाय," ती म्हणाली, "आता सुखानं जा." मग माती लोटली आणि वर चिरा ठेवला. उभी राहिली तेव्हा तिला फार बरं वाटत होतं. आयुष्यात आपण एखादं काम अगदी नीट केलं, असं माणसाला क्वचित वाटतं, तसं.

संध्याकाळी दवाखान्यात परत आली तर दर्शना जागी होती. "आक्का, ती तपासायला द्यायची होती म्हणे. दिलीस?"

"दिली की."

"नक्की?"

"तुझी शपथ," काशी म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. तुझी शपथ हे काशीचं नेहमीचं पालुपद होतं. भाताला मीठ बरोबर आहे का विचारलं तरी ती दर्शनाची शपथ घ्यायची.

टाके काढायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रिपोर्ट आला?"

"आला. सगळं ठीक म्हणाले," काशी पटकन म्हणाली. बाहेर पेशंटांची ही रांग. डॉक्टरांनी बघायला मागितला नाही, रक्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घंटी वाजवली. काशीनं मनात म्हटलं, सुटले.

आणि खरंच दर्शनाचं जाणं थांबलं. मे महिन्यात तिनं फणसाची साठं घातली, पावसात लावणीला चिखलात उतरली. तोंडावर तेज आलं. काशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या दर्शनाची पिशवी काढली ना, पोरगी बघा कशी टुमटुमीत झालीय." फक्त न्हाणीमागचं अळू, जिथं ते पाणी ओतलं होतं तिथलं, करपून गेलं आणि भर पावसात पुन्हा फुटलं नाही. काशीला ते खटकलं, पण अळवाचं काय एवढं, म्हणून तिनं दुर्लक्ष केलं.

गणपती विसर्जन करून दीपक गेला आणि दर्शनाची कंबर दुखायला लागली. ताटं-पाट उचलले म्हणून असेल. मग पुन्हा तसलंच पाणी. आता पिशवीच नाही तर जातंय कुठून, हा प्रश्न दोघींच्या मनात आला आणि दोघींनी तो एकमेकींना विचारला नाही. दिवाळीपर्यंत डावा पाय मांडीपासून सुजला. तेव्हा मात्र काशीनं तिला रिक्षात घालून खेडला नेलं. डॉक्टरांनी आतून तपासलं, हातमोजे काढले आणि बराच वेळ बेसिनपाशी हात धूत राहिले. मग दीपकला फोन लावायला सांगितलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बाई डॉक्टर होत्या, वयानं रितेशहून थोड्याच मोठ्या असतील. दर्शनाला बाहेर बसवून त्यांनी दीपक आणि काशीला आत घेतलं. खेडच्या डॉक्टरांसारखं त्यांनी लपवलं नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळीच असणार. नुसती पिशवी काढून तो जात नाही, आजूबाजूचं काढावं लागतं, नाहीतर ऑपरेशननंतर लगेच किरणांचे शेक द्यावे लागतात. आता तो दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या भिंतींपर्यंत पसरलाय, किडनीची नळी दाबलीय.

"पुन्हा ऑपरेशन करा," दीपक म्हणाला. "मी कुठूनही पैसे आणतो."

"पैशाचं नाही हो. आता कापण्यासारखं राहिलेलं नाही."

"मग शेक?"

"थोडे देऊ. दुखणं कमी होईल, रक्त थांबेल. त्यानं ती बरी होईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही." त्यांनी फाईल मिटली. "पिशवी काढल्यावर महिन्या-दीड महिन्यात आली असती ना, तर फार वेगळं असतं. अशा खूप बायका बऱ्या होतात. वर्षानुवर्षं तपासायला येतात माझ्याकडं. तुमच्याकडं रिपोर्ट होता ना? पिशवी तपासली होती ना?"

दीपकनं काशीकडं बघितलं. "वहिनी, तुम्ही दिली होती ना लॅबमध्ये?"

अख्ख्या वाडीला खाली बघायला लावणाऱ्या काशीनं स्वतःच खाली बघितलं. पण सवयीचं खोटं फार लवकर तोंडात येतं. "दिली होती," ती म्हणाली.

"मग त्यांच्याकडून तो मागवा," बाई म्हणाल्या. "जुनी पिशवी मिळाली तर बरं होईल. नेमकं कुठून सुरू झालं ते कळेल."

बाईंनी हे रीत म्हणून विचारलं होतं. नवा तुकडा त्यांनी तपासायला घेतलेलाच होता. पण काशीनं त्यातलं एवढंच धरलं की पिशवी मिळाली तर बरं होईल. बरं होईल! उठता-बसता तिच्या डोक्यात तेवढंच घुमायला लागलं.

शेक देऊन झाले. रितेश आणि दीपक राहत त्या खोलीत जागा एवढीशी, तिथं आजारी बाईचं करणार कोण, म्हणून दर्शनाला गावी आणलं. सानवी बारावीला होती, तीही आईची वाट बघत होती. दीपक त्यांना पोचवायला आला आणि तडक खेडच्या लॅबवर गेला. काशी सोबत होती. लॅबवाला साठीचा, सरळ माणूस. त्यानं सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्या नावाचं आमच्याकडं काहीच आलेलं नाही."

"माझ्या बायकोची पिशवी हरवलीस आणि वर तोंड करून सांगतोस?" दीपक जन्मात कोणाशी भांडला नव्हता. आज त्यानं त्या माणसाचं मानगूट धरलं. माणसं जमली. म्हातारा हात जोडून सांगत होता, देवाशपथ नाही आली हो, आमच्या हातून असं कधी झालं नाही. आणि काशी पायरीवर उभी होती, त्याच पायरीवर, तोंडात पदराचा बोळा कोंबून. तिला ओरडायचं होतं, सोड त्याला मेल्या, मला धर. ओरडली नाही.

दीपक मुंबईला परतला. दुसऱ्या दिवशी दुपारी, सानवी कॉलेजात आणि दर्शना पडवीत खाटेवर झोपलेली बघून, काशीनं कुदळ घेतली आणि न्हाणीमागं गेली. चिरा बाजूला लोटला. वर्षही झालं नव्हतं, काहीतरी असेल, थोडंसं तरी असेल. जेवढं मिळेल तेवढं चांगल्या बरणीत घालून मुंबईला घेऊन जायचं, बाईंच्या पाया पडायचं, म्हणायचं माझी चूक, मला काय ती शिक्षा करा पण हिला बरी करा. माती ओली, लाल, केळीच्या मुळ्यांनी विणलेली. ती हातानं उकरायला लागली. सुपारी मिळाली. बांगडी मिळाली, अख्खी. मग खण मिळाला. नायलॉनचा होता म्हणून कुजला नव्हता, नुसता मातकट झाला होता. तिनं तो उलगडला. आत नुसती माती होती.

तरी ती उकरत राहिली. आणखी खाली, आणखी बाजूला. नखं मोडली. केळीची मुळं तुटून पाणी गळायला लागलं.

"काय शोधतेस आक्का?"

दर्शना मागच्या दारात उभी होती, चौकटीला धरून. तिला तिथवर चालत यायला किती त्रास झाला असेल ते तिच्या कपाळावरच्या घामावरून कळत होतं. तिनं खड्डा बघितला, बांगडी बघितली, काशीच्या हातातला हिरवा खण बघितला. विधवेला कोणी खण देत नाही, तरी हा खण तिनंच गौरीला काशीला दिलेला होता.

काशीनं सांगितलं. खड्ड्याच्या काठावर बसूनच सगळं सांगितलं, अडखळत, लॅबच्या पायऱ्या, ते पिवळं पोतं, एस्टी, ओटी, मुंबईच्या बाई आत बोलल्या तेही. "मला वाटलं गो, तुझी पिशवी, पोरं दिली तिनं, कुठं उकिरड्यात... मला काय माहीत, बाय, मला कोणी सांगितलंच नाय..."

दर्शना हळूहळू उंबऱ्यावर बसली. रडली नाही. त्या करपलेल्या अळवाच्या जागेकडं बघत राहिली.

"म्हणजे मी वाचले असते," ती म्हणाली.

काशीनं हातातला खण मुठीत चुरगळला.

"माझी शपथ घेतली होतीस तू."

"दर्शना..."

"मला जगायचं होतं गो आक्का," दर्शना म्हणाली, तिच्या त्याच मऊ आवाजात, जो कोणाला कधी टोचला नव्हता. "मला सानवीचं लग्न बघायचं होतं. मला कुठं जायचं होतं एवढ्यात?" मग तिनं चौकट धरली आणि काशी उठायच्या आत स्वतःच उठली. "ह्यांना फोन कर. त्या लॅबवाल्याला शिव्या देत बसलेत, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष."

काशीनं फोन केला. दीपकनं सगळं ऐकून घेतलं. "वहिनी..." एवढंच म्हणाला आणि पलीकडून नुसता हुंदक्यांचा आवाज यायला लागला, मग फोन बंद झाला.

त्या दिवसापासून दर्शनानं काशीला हात लावू दिला नाही. भांडली नाही, शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर काशीला सोसल्या असत्या, तिला शिव्यांचा सराव होता. पेज काशीच करायची, पण वाटी सानवीच्या हातून जायची. अंग पुसायचं, फडकी बदलायची, कूस वळवायची, सगळं सानवी. काशी स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून राहायची. कोणी शेजारीण आली की दर्शना म्हणायची, "आक्काच्या हातच्या पेजेवर चाललंय." म्हणजे बाहेर काही कळू दिलं नाही. दोघींमधलं भांडण तिनं अजूनही झाकून ठेवलं होतं, आणि ते काशीला जास्त लागायचं.

माघ उजाडला. अंगणात ऊन तापायला लागलं. दर्शनाची लघवी कमी झाली, तोंड सुजलं, अन्नाचा वास नकोसा झाला. दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी ती अर्धी झोपेत असायची. आणि सानवीची परीक्षा आली. पहिल्या पेपरला ती जायलाच तयार नव्हती. दर्शनानं तिला जवळ बोलावलं, काय सांगितलं देव जाणे, पण पोर डोळे पुसत एस्टी पकडायला गेली.

घरात दोघीच राहिल्या. काशी चुलीपाशी, दर्शना पडवीत. मधे नुसतं एक दार.

ऊन ओसरीवर आलं तेव्हा हाक आली. "आक्का."

काशी धावली. खाट भिजली होती, रक्त आणि पाणी, वास दाटलेला. दर्शनानं तोंड भिंतीकडं वळवलं होतं. तिला लाज वाटत होती, आणि दुसरं कोणी नव्हतं.

"थांब हां बाय. पाणी तापलंय. थांब."

काशीनं तिला उचललं. साठी उलटलेली ही बाई, भाताच्या गोणी उचललेली, पण हे ओझं हलकं म्हणून तिच्या छातीत कळ आली. न्हाणीतल्या दगडावर बसवलं, पाठीला आपले गुडघे दिले. कोमट पाणी तांब्यातांब्यानं ओतलं. पाठ, मांड्या, सुजलेला पाय. साबणाचा हात अगदी हलका. दर्शनानं डोळे मिटले होते. पाणी नेहमीसारखं मोरीतून मागं केळीकडं जात होतं.

"आक्का," ती डोळे न उघडता म्हणाली, "सानवीला पाळीत फार दुखतं."

"हो गो. मी ओवा देते तिला."

"ओवा नको." दर्शना थांबली. तिला दम लागला होता. "मुंबईच्या बाई म्हणाल्या होत्या, पोरीला सुई देतात. हा रोग होऊ नये म्हणून. तीनदा द्यायची असते. हे विसरतील, पुरुष माणूस. तू घेऊन जा तिला. पेपर झाले की लगेच."

"जाईन."

"आणि उद्या तिला काही झालं, अंगावर गेलं, गाठ आली, काहीही, तर डॉक्टर सांगतील तसं कर. न्यायला सांगितलं तिथं ने. द्यायला सांगितलं ते दे. तुझ्या मनाचं काही करू नको."

काशीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ज्या बाईनं हिच्या जिवाचं वाटोळं केलं, तिच्याच पदरात ही आपली पोर घालत होती. दुसऱ्या कोणाच्या घालणार? होतं कोण?

"करशील ना?"

"करीन," काशी म्हणाली, आणि सवयीनं, जन्माच्या सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझी शपथ."

काशीला वाटलं, ही जीभ आत्ता झडून पडावी.

दर्शनानं डोळे उघडले. रागानं नव्हे. खूप दिवसांनी तिनं काशीच्या तोंडाकडं नीट बघितलं. "माझी नको आक्का," ती म्हणाली. "माझी आता कशाला? सानवीची घे."

काशीनं ओला हात आपल्या गळ्याला लावला आणि सानवीची शपथ घेतली. मग तिनं उरलेलं पाणी दर्शनाच्या खांद्यावरून ओतलं, टॉवेलात गुंडाळून तिला उचललं आणि आत नेलं.